वॉटर पोलो पाहताना शिट्टीचा अर्थ कसा लावायचा

जागतिक जलक्रीडा अजिंक्यपद स्पर्धेतल्या पोहण्याच्या शर्यती कुणी समजावून द्याव्या लागत नाहीत. आठ जण पाण्यात झेपावतात, जो आधी भिंतीला हात लावतो तो जिंकतो. डायव्हिंगमध्ये गुण कसे देतात हे माहीत नसलं, तरी उडी साधली की फसली हे पाणी किती उडालं यावरून कळतंच. पण त्याच स्पर्धेतला वॉटर पोलोचा सामना लावला की पाच मिनिटांत माणूस गोंधळून जातो. शिट्टी सारखी वाजत असते, तरी खेळ थांबत नाही. पंच एक हात इकडे, दुसरा तिकडे करतात आणि कुणीतरी मुकाट्याने पोहत कोपऱ्यात निघून जातो. एका ठिकाणी दोन खेळाडू एकमेकांच्या अंगावर अक्षरशः चढलेले असतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. दुसरीकडे खांद्याला जरा हात लागला की लगेच फाउल.

मी पहिल्यांदा हा खेळ पाहिला तेव्हा पहिली दोन क्वार्टर नुसती पिवळ्या चेंडूमागे नजर फिरवण्यात गेली. गोल होत होते, पण ते का होत होते हे एकदाही कळलं नाही. पुढे बरेच सामने पाहिल्यावर लक्षात आलं, की या खेळात चेंडूच आपल्याला सगळ्यांत जास्त चकवतो. खरी झुंज गोलपासून दोन-तीन मीटरवर, चेंडू तिथे पोचायच्या बऱ्याच आधी सुरू होते आणि तिचा मोठा भाग पाण्याखाली असतो. खाली काय चाललंय त्याची खबर वर बसलेल्यांना शिट्टी देते. म्हणून या लेखात शिट्टीबद्दल सगळ्यांत जास्त लिहिणार आहे. बाकीचं जेवढ्यास तेवढं.

आधी सांगाडा उरकून टाकू. एका वेळी प्रत्येक संघाचे सात जण पाण्यात असतात, सहा मैदानातले आणि एक गोलरक्षक. एका संघाच्या टोप्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या निळ्या किंवा गडद रंगाच्या, आणि दोन्ही गोलरक्षकांच्या लाल. टोपीला कानांवर प्लास्टिकचं संरक्षण असतं. जवळून बसलेल्या चेंडूने कानाचा पडदा फाटू शकतो, म्हणून ते लागतं. आठ-आठ मिनिटांची चार क्वार्टर. चेंडू खेळात नसेल तेव्हा घड्याळ थांबतं, त्यामुळे 32 मिनिटांचा सामना प्रत्यक्षात तासाच्या पुढे जातो. गोल 3 मीटर रुंद आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून 90 सेंटिमीटर उंच. प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला दोन्ही संघ आपापल्या गोलरेषेवर ओळीने थांबतात, चेंडू मध्यावर ठेवलेला असतो आणि शिट्टी झाली की एकेक वेगवान पोहणारा त्याच्याकडे झेपावतो. चेंडू एका हातानेच हाताळायचा. दोन्ही हात लावायची मुभा फक्त गोलरक्षकाला, तीही त्याच्या गोलसमोरच्या 6 मीटरच्या पट्ट्यात.

आणि तळाला पाय टेकवायचा नाही. तलाव किमान 1.80 मीटर खोल असतो, त्यामुळे टेकवायचा म्हटलं तरी सहसा जमत नाही.

पाय काय करत असतात

ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यांत नवलाची वाटते. टीव्हीवर खेळाडू पाण्यात उभा आहे असं वाटतं. छातीपर्यंत, कधी कधी कमरेपर्यंत बाहेर येऊन तो चेंडू फेकतो. पण त्याच्या पायांखाली काहीच नसतं. ही किमया ज्या हालचालीची आहे तिला एगबीटर किक म्हणतात. अंडी फेटायच्या हाताच्या यंत्रात दोन पाती उलटसुलट फिरतात, तसे दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली आळीपाळीने आतल्या बाजूला गोल फिरत राहतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही पाय एकदम मारले जातात, त्यामुळे शरीर वर येतं आणि पुन्हा खाली जातं. इथे एक पाय पाणी दाबत असतो तेव्हा दुसरा परत येत असतो, म्हणून आधार तुटत नाही. शरीर एका उंचीवर स्थिर राहतं आणि दोन्ही हात मोकळे होतात.

पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं दृश्य दाखवतात तेव्हा ते जरूर पाहा. वर गोलरक्षक शांतपणे हात पसरून उभा दिसतो. खाली त्याच्या मांड्या आणि पोटऱ्या क्षणभरही थांबलेल्या नसतात. शॉट येणार असं वाटलं की तो पायांचा वेग एकदम वाढवतो आणि कंबर पाण्याबाहेर काढून हात वर नेतो. उत्तम पुरुष खेळाडूंचा चेंडू ताशी 70 किलोमीटरच्या आसपास वेगाने येतो आणि तो बऱ्याचदा सात-आठ मीटरवरून येतो. चेंडू पाहून मग उडी घ्यायला वेळच नसतो. फेकणाऱ्याचा खांदा आणि कोपर वाचून उडी आधीच घ्यावी लागते. फेकणारा तरबेज असेल तर हेच ओळखून एकदा, दोनदा फेकल्याची हूल देतो. गोलरक्षकाचे पाय थकून तो थोडा खाली बसला, की मग खरा शॉट मारतो. कधी तो मुद्दाम गोलच्या थोडं आधी पाण्यावर आपटतो आणि चपटा दगड पाण्यावर टप्पा घेतो तसा चेंडू उसळून आत जातो.

म्हणजे थकवा हातांना नंतर येतो, पायांना आधी. चौथ्या क्वार्टरमध्ये शॉट आडव्या दांड्यावरून जायला लागले तर समजावं की फेकणाऱ्याची उंची गेली आहे.

हातात चेंडू, तर अंगावर माणूस

आता मुख्य मुद्दा. वॉटर पोलोच्या नियमांच्या पुस्तकात पानंच्या पानं असली, तरी प्रेक्षकाने एक नियम मनात पक्का केला तर निम्मा खेळ उमगतो. चेंडू ज्याच्या हातात आहे, त्याला प्रतिस्पर्धी धरू शकतो, ओढू शकतो, पाण्यात दाबू शकतो. चेंडू हातातून सुटला, अगदी बोटभर अंतरावर तरंगत असला, की त्याला धरायचा हक्क संपला.

जमिनीवरच्या खेळांत याच्या उलट सवय झालेली असते. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात असलेल्याला नियम सांभाळतो. वॉटर पोलोमध्ये चेंडू हातात घेणं म्हणजे अंगावर येण्याचं आमंत्रण. म्हणून चांगला खेळाडू चेंडू पकडून ठेवत नाही; तो आपल्या पुढ्यात तरंगता ठेवतो आणि बचावपटू अंगावर येतोय असं जाणवलं की हात उचलून घेतो. बचावपटूचा हात त्याच्या अंगावर तसाच राहतो आणि शिट्टी वाजते. साधा फाउल, आणि ज्याच्यावर झाला त्याच्या संघाला फ्री थ्रो, म्हणजे बिनअडथळा फेक. याउलट बचावपटू कुशल असेल तर तो नेमकी अशी वेळ साधतो की चेंडू अजून हातातच आहे. मग तो चेंडूसकट हात पाण्याखाली दाबतो. दडपणाखाली चेंडू पाण्यात गेला तर चूक धरली जाते चेंडूवाल्याची, आणि चेंडू जातो दुसऱ्या संघाकडे. ही झटापट अर्ध्या सेकंदाची असते. एकच हात, तोच चेंडू. कोण आधी सुटला आणि कोण नंतर, यावर शिट्टी कुणाच्या बाजूने हे ठरतं.

साध्या फाउलनंतर खेळ का थांबत नाही हेही यातून कळेल. फ्री थ्रो घेणाऱ्याने वाट पाहायची नसते. चेंडू लगेच खेळात आणायचा. पूर्वी शिट्टी झाली की सगळ्यांना होते तिथेच थांबावं लागे, चेंडू पुन्हा खेळात येईपर्यंत. 1949 मध्ये तो नियम गेला आणि पोहणं थांबेना, खेळाला वेग आला. आज शिट्टी झाली की आक्रमक संघ उलट सरसावतो. कारण फ्री थ्रो घेणाऱ्याला आडवं जाता येत नाही. बचावपटूला मागे सरावं लागतं, आणि तेवढ्या एका क्षणात नीट पाहून पास देता येतो. म्हणजे फाउल मिळवणं हा आक्रमणाचाच एक डाव आहे. एका सामन्यात असे कितीतरी साधे फाउल होतात आणि त्यांची कुणी शिक्षा म्हणून दखलही घेत नाही.

त्यातला एक फाउल मात्र वेगळा. तो 6 मीटरच्या रेषेबाहेर झाला असेल, तर फ्री थ्रो घेणारा थेट गोलवर मारू शकतो. त्यामुळे बाहेरच्या बाजूला उभ्या असलेल्या भारी हाताच्या खेळाडूला फाउल करताना बचावपटू दहा वेळा विचार करतो. प्रेक्षकाने अशा वेळी पंचांकडे बघत बसू नये. शिट्टी आणि शॉट यांच्यात कधी कधी एका श्वासाचंही अंतर नसतं.

सेंटरकडे पाहा

आक्रमणाची नेहमीची मांडणी एखाद्या छत्रीसारखी असते. पाच जण गोलभोवती अर्धवर्तुळात आणि सहावा बरोबर गोलसमोर, गोलकडे पाठ करून. हा सहावा म्हणजे सेंटर. संघातला बहुधा सगळ्यांत धिप्पाड गडी. त्याच्या पाठीला चिकटलेला असतो प्रतिस्पर्ध्याचा सेंटर बॅक. या दोघांची जागेसाठी झुंज संपूर्ण सामनाभर चालते, चेंडू कुठेही असो. सेंटरला गोलसमोरची जागा राखायची असते. सेंटर बॅकला त्याला बाजूला सारून पुढे यायचं असतं, म्हणजे पास पोचणारच नाही.

इथे एक खूण सांगतो. सेंटर बॅक मधूनच दोन्ही हात पाण्याबाहेर उंच करताना दिसेल. तो शरण आलेला नसतो. "बघा, मी धरलेलं नाही" असं तो पंचांना दाखवत असतो, आणि त्याच वेळी छाती आणि गुडघ्यांनी समोरच्याला रेटत असतो. पंच दोघे असतात, तलावाच्या दोन लांब बाजूंनी चालत राहतात, आणि त्यांना पाण्याच्या वर जे दिसतं त्यावरूनच खालचं ताडावं लागतं. हे काम फार कठीण आहे. पंचांच्या निर्णयावर चिडणाऱ्या प्रेक्षकांनी एकदा पाण्याखालचं चित्रण पाहावं, राग निवळतो.

चेंडू सेंटरकडे आला, त्याने तो हातात न घेता तरंगता ठेवला आणि सेंटर बॅकने त्याला मागून ओढलं किंवा पाण्यात दाबलं, तर तो साधा फाउल राहत नाही. हे निष्कासन. दोषी खेळाडूला वीसेक सेकंदांसाठी खेळाबाहेर काढतात. त्याने स्वतःच पोहत आपल्या गोलकडच्या कोपऱ्यातल्या राखीव जागेत जायचं, वाटेत कुणाला अडथळा करायचा नाही. केला तर सरळ पेनल्टी. वेळ संपली, गोल झाला किंवा त्याच्या संघाला चेंडू मिळाला की तो परत येऊ शकतो. सुरुवातीला ज्या मुकाट्याने निघून जाणाऱ्या खेळाडूचा उल्लेख केला तो हाच. एकाच खेळाडूच्या नावावर असे तीन मोठे फाउल जमले की त्याचा सामना संपला. त्याच्या जागी दुसरा येतो, पण तो स्वतः परत येत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम सेंटर बॅकच्या नावावर पहिल्या अर्ध्यातच दोन निष्कासनं लावली, तर तो उरलेला सामना हात राखून खेळतो. अनेक प्रशिक्षकांचं सगळं नियोजन याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आता एक आक्रमण सावकाश पाहू. निळ्या टोप्यांकडे चेंडू आहे. चार-पाच सेकंदांत सगळे अर्धवर्तुळात पसरले. उजव्या बाजूला डावखुरा आहे, कारण त्या कोनातून डाव्या हाताला गोल मोकळा दिसतो. चांगला डावखुरा मिळावा म्हणून संघ वर्षानुवर्षं झुरतात. चेंडू बाहेरून बाहेर फिरतो, हवेतून हातात, पाण्याला न लागता. सेंटर गोलसमोर रेटारेटी करतोय. मध्यावरचा खेळाडू चेंडू उचलतो, मारणार असं दाखवतो, बचाव क्षणभर वर उठतो, आणि चेंडू अलगद सेंटरच्या पुढ्यात पाण्यावर पडतो. सेंटर चेंडूला हात लावतो, मग हात उचलून घेतो. मागचा हात त्याच्या खांद्यावर राहिला. शिट्टी. पंच पांढऱ्या टोपीकडे बोट दाखवून हात बाहेरच्या दिशेला नेतात आणि मग बोटांनी टोपीचा क्रमांक दाखवतात.

आता सहा विरुद्ध पाच. निळे लगेच जागा बदलतात: चौघे गोलजवळच्या रेषेत, दोघे मागे. पांढऱ्यांचे तिघे गोलसमोर हात वर करून भिंत उभी करतात आणि दोघे पुढे. गोलरक्षक पकडून सहा जण तीन मीटरचं तोंड राखताहेत. चेंडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला झटपट फिरतो. प्रत्येक पासबरोबर पाचही बचावपटूंना आणि गोलरक्षकाला कूस बदलावी लागते. तीन पास, चार पास. पाचव्या पासला डावीकडच्या खांबाजवळचा खेळाडू एक क्षण मोकळा सापडतो, आणि चेंडू गोलरक्षकाच्या बगलेखालून आत. आकडेवारीत हे "सहा-पाच" संधींतलं यश म्हणून वेगळं मोजतात. अटीतटीच्या सामन्यात निकाल बऱ्याचदा त्याच रकान्यात सापडतो. बारा संधींतून आठ गोल करणारा आणि बारातून चार करणारा संघ एकमेकांसमोर आले, तर बाकीच्या खेळात कितीही बरोबरी असो, उपयोग नाही.

पेनल्टीचंही याच तर्काने कळतं. हमखास होणारा गोल फाउल करून रोखला, तर 5 मीटरवरून समोरासमोर शॉट. 2019 पासून यात मोठी भर पडली: आक्रमक 6 मीटरच्या आत गोलकडे तोंड करून असेल आणि त्याला मागून अडवलं, तर चेंडू हातात असला तरी पेनल्टी दिली जाऊ शकते. आत घुसून वळणाऱ्या खेळाडूला यामुळे मोल आलं. मला हा बदल मनापासून पटतो. त्याआधी चपळाईने सुटलेल्या खेळाडूला मागून लोंबकळून थांबवणं फार स्वस्त होतं.

ठोसा, लाथ, हेतुपुरस्सर इजा यांना क्रूरतेचा फाउल म्हणतात. पेनल्टी तर मिळतेच, शिवाय दोषी खेळाडू सामन्यातून बाद आणि त्याच्या संघाला चार मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं. सामन्याआधी पंच प्रत्येकाची नखं तपासतात, अंगाला तेल किंवा वंगण लावायला बंदी असते. हे सगळं त्याच काळजीतून आलं आहे. या खेळातला सगळ्यांत गाजलेला हिंसक प्रसंग 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला. बुडापेस्टमधला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडून काही आठवडेच झाले होते आणि हंगेरीची गाठ सोव्हिएत संघाशी पडली. हंगेरी 4-0 ने पुढे असताना सोव्हिएत खेळाडू व्हालेंटिन प्रोकोपोव्हने एर्विन झादोरला ठोसा मारला. डोळ्याखालून रक्त वाहत तो पाण्याबाहेर आला, प्रेक्षक उसळले आणि सामना तिथेच थांबवावा लागला. त्यानंतर हंगेरीने सुवर्णपदकही जिंकलं.

घड्याळ आणि नवे नियम

चेंडू मिळाल्यावर ठराविक वेळात शॉट घ्यावाच लागतो. बरीच वर्षं ही मुदत 30 सेकंदांची होती. शॉट अडला आणि चेंडू पुन्हा आक्रमकांनाच मिळाला, कॉर्नर मिळाला किंवा निष्कासन झालं, तर दुसरी, छोटी मुदत मिळते. 2025 पासून पुरुषांच्या सामन्यात पहिली मुदत 25 सेकंदांवर आणि छोटी 15 वर आणली. मैदानही 30 मीटरवरून 25 मीटरचं केलं. महिलांचं मैदान आधीपासून 25 मीटरचंच होतं. हेतू उघड आहे. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत पोहण्यात जाणारा वेळ कमी व्हावा, प्रतिहल्ले वाढावेत, सेंटरभोवतीची रेटारेटी कमी दिसावी. यावर जाणकारांत दोन मतं आहेत. माझं मत असं, की नव्या प्रेक्षकाला याचा फायदाच झाला. पण लांब पोहून प्रतिस्पर्ध्याची दमछाक करणाऱ्या संघांचं एक हत्यार बोथट झालं, हेही खरं.

स्पर्धेची रचना

ही अजिंक्यपद स्पर्धा 1973 मध्ये बेलग्रेडला सुरू झाली आणि पुरुषांचा वॉटर पोलो पहिल्या दिवसापासून तिचा भाग आहे. महिलांना मात्र 1986 च्या माद्रिदपर्यंत थांबावं लागलं. ऑलिंपिकमध्ये तर 2000 सालापर्यंत, जिथे पुरुष 1900 पासून खेळत होते. स्पर्धा भरवणारी संस्था 1908 मध्ये लंडनला स्थापन झालेली फिना. तिचं नाव आता वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स.

2025 च्या सिंगापूरपर्यंतची मांडणी अशी होती: 16 संघ, चार-चारचे चार गट. गटातला पहिला थेट उपांत्यपूर्व फेरीत. दुसरा आणि तिसरा यांना आणखी एक सामना खेळून तिथे पोचावं लागतं. चौथा तळाच्या क्रमांकांसाठी. महिला आणि पुरुष एक दिवसाआड खेळतात, म्हणून प्रत्येक संघाला मध्ये एक दिवस मिळतो. गट जिंकणाऱ्याला अंतिम फेरीपर्यंत सहा सामने, बाकीच्यांना सात. कागदावर फरक एका सामन्याचा आहे. पण वर सांगितलेले पाय आठवा. जास्तीचा सामना म्हणजे विश्रांतीचा एक टप्पा गेला. गटातल्या तिसऱ्या सामन्यात, दोन्ही संघ पुढे जाणार हे ठरलेलं असतानाही, पहिल्या क्रमांकासाठी इतकी जिवाची बाजी का लावतात ते यावरून कळेल.

सामना बरोबरीत सुटला तर थेट पेनल्टी शूटआउट. पाच-पाच जण, 5 मीटरवरून. अलीकडे गटातल्या सामन्यांतही तेच. 2022 मध्ये बुडापेस्टला पुरुषांची अंतिम लढत 9-9 अशी संपली आणि स्पेनने शूटआउटसह इटलीला 15-14 असं हरवलं. पुढच्याच वर्षी फुकुओकात हंगेरीने ग्रीसला 14-13 असंच. त्याच फुकुओकात महिलांची अंतिम लढतही शूटआउटवर गेली आणि नेदरलँड्सने स्पेनला हरवलं.

कोण जिंकतं

पुरुषांच्या 2025 पर्यंतच्या 22 स्पर्धांत प्रत्येक वेळी विजेता युरोपातला. इतका एकतर्फी नकाशा दुसऱ्या कुठल्या जागतिक खेळाचा चटकन आठवत नाही. इटली, हंगेरी आणि स्पेन यांची चार-चार विजेतेपदं. त्यातली हंगेरीची पाहा: 1973, 2003, 2013, 2023. शेवटचा आकडा नेहमी तीन! हा निव्वळ योगायोग, पण हंगेरीचे चाहते तो विसरू देत नाहीत. क्रोएशियाने 2007, 2017 आणि 2024 मध्ये जिंकलं. सर्बियाची गोष्ट आणखी चक्रावणारी. 2016, 2020 आणि 2024 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, पण जागतिक विजेतेपद 2015 नंतर एकही नाही. 2025 मध्ये स्पेनने हंगेरीला 15-13 ने हरवलं.

हा दबदबा हवेतून आलेला नाही. हंगेरीत 1920 च्या दशकात बेला कोम्याडी या प्रशिक्षकाने चेंडू पाण्यावर न टाकता हवेतूनच हातात देण्याची शैली रुजवली. त्याआधी पास पाण्यावर पडायचा, मग उचलला जायचा. हवेतला पास आला आणि बचावपटूला पोचायला मिळणारा वेळच गेला. आजचा प्रत्येक संघ तसाच खेळतो. बुडापेस्टमध्ये कोम्याडीच्या नावाचा तरणतलाव आहे. इटलीत पुरुष संघाला "सेत्तेबेल्लो" म्हणतात. पत्त्यांच्या एका लोकप्रिय डावात सातचं पान सगळ्यांत मोलाचं असतं, त्यावरून, कारण पाण्यात सात जण.

महिलांमध्ये चित्र मोकळं आहे आणि म्हणून मला ती स्पर्धा जास्त रंगतदार वाटते. 18 स्पर्धांपैकी आठ अमेरिकेने जिंकल्या, त्यांतल्या 2015, 2017, 2019 आणि 2022 च्या लागोपाठ. पण पहिलं विजेतेपद ऑस्ट्रेलियाचं, आणि नंतर नेदरलँड्स, हंगेरी, इटली, ग्रीस, स्पेन सगळ्यांनी बाजी मारली आहे. 2025 मध्ये ग्रीसच्या महिलांनी हंगेरीला 12-9 ने हरवून 2011 नंतर पुन्हा विजेतेपद मिळवलं. महिलांच्या सामन्यात चेंडू थोडा लहान असतो, मैदान सारखंच आणि सेंटरची झुंज तितकीच तिखट.

शेवटी एक क्षण सांगतो, तो ऑलिंपिकमधला असला तरी. सिडनी, 2000. महिलांचा पहिलाच ऑलिंपिक अंतिम सामना, ऑस्ट्रेलिया विरुद्ध अमेरिका, 3-3. घड्याळात 1.3 सेकंद उरलेले. बाहेरच्या बाजूला फाउलची शिट्टी झाली, तीच साधी, सामन्यात कितीतरी वेळा वाजलेली. पण जागा लांबची होती, म्हणजे थेट मारायची मुभा. यव्हेट हिगिन्सने चेंडू उचलला आणि फेकला. 4-3.